बसऱ्याचा पट

माझे बाबा बळीराम घरत पनवेलच्या बंदरावर गलबतांची शिडं शिवायचे. जाड सुई, मेण लावलेला दोरा, तळहाताला बांधलेला चामड्याचा तुकडा आणि मांडीवर पसरलेलं शीड, असे ते मला कायम आठवतात. भरतीला मचवे थेट गोदामांपर्यंत यायचे, मीठ चढायचं, कौलं उतरायची, आणि ओहोटी लागली की सगळं बंदर चिखलात टेकून बसायचं. त्या ओहोटीच्या वेळात माणसांनी करायचं काय, हा प्रश्न पनवेलीपुरता माझ्या बाबांनी सोडवला होता. हे मी बापाचं कौतुक म्हणून सांगत नाही. त्यांच्याशी मी जितकी भांडले तितकं आमच्या घरात कुणी भांडलं नाही.

लढाईच्या काळात ते खलाशी होते. खजूर आणायला गलबत बसऱ्याला गेलं, तिथे डोलकाठी मोडली, कागदपत्रं अडकली आणि सगळे खलाशी चौदा महिने तिथेच पडून राहिले. बंदरासमोर एक कॉफीचं दुकान होतं. एक म्हातारा सुतार रोज तिथे फाशांचा पट मांडून बसायचा. बाबांना त्याची भाषा येईना आणि त्याला बाबांची. तरी त्यानं त्यांना समोर बसवलं आणि पहिले सहा महिने रोज हरवलं. एकदाही दया दाखवली नाही. निघायच्या दिवशी त्यानं स्वतः बनवलेला पट बाबांच्या हातात ठेवला. आई म्हणायची, सव्वा वर्षानं नवरा घरी आला तो एक करंडी खजूर आणि एक खेळणं घेऊन आला.

पनवेलीत त्याचं नाव पडलं बसऱ्याचा पट. बाजारपेठेतले डॉक्टर एकदा बघायला आले आणि म्हणाले की साहेबलोक याला बॅकगॅमन म्हणतात. म्हणू देत, असं बाबा म्हणाले. खेळ आपल्या सोंगट्यांच्या जातीचाच. दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या, दोन फासे, आणि सगळ्या सोंगट्या पटभर चालवून आपल्या घरी आणायच्या नि बाहेर काढायच्या. एका घरात दोन सोंगट्या बसल्या की ती जोडी, तिला कुणी हात लावू शकत नाही. एकटी सापडली की समोरचा ती मारतो, आणि ती बिचारी पुन्हा पहिल्यापासून चालायला लागते. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

मी सात वर्षांची असताना बाबांनी मला समोर बसवलं. मी रोज हरायचे आणि रोज रडायचे. माझी आई गुणाबाई गावची सुईण होती, अर्ध्या पनवेलीची पोरं तिच्या हातावर जन्मली होती आणि तिच्यापुढे भले भले गप्प बसायचे. ती बाबांना विचारायची की पोरीला एकदा जिंकू दिलं तर तुमचं शीड फाटणार आहे का. बाबा म्हणायचे, मी हिला खोटं जिंकू दिलं तर ही खरं कधी जिंकली ते हिला कळणार कसं. मला काही ते पटायचं नाही. शेजारच्या पोरींचे बाप त्यांना खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचे आणि माझा बाप माझ्या सोंगट्या मारायचा.

तेरा वर्षांची असताना मी जिंकले. बाबांनी पटाला हात लावू दिला नाही. सोंगट्या होत्या तशा ठेवून ते शेजारच्या काळूरामला बोलावून आले, मग त्याच्या भावाला, मग रस्त्यानं चाललेल्या एका अनोळखी माणसाला. सगळ्यांना दाखवलं की बघा, हिनं मला कसं धरलं. घरात होता तेवढा गूळ वाटला. मी पुढे पुष्कळ काही गोड खाल्लं, पण त्या गुळाची चव पुन्हा आली नाही.

पौषात आमच्याकडे लग्नं नसतात. त्या मोकळ्या महिन्यात बंदरावरच्या देवळाच्या कट्ट्यावर पटाचे सामने व्हायला लागले. पन्नास सालापासून असेल. खेळणारे सगळे बंदरावरचेच, खलाशी, हमाल, मिठागरवाले, तळ्यापलीकडचे दोन मास्तर. गोदामवाल्यांकडून जिंकणाऱ्याला तांब्याचा हंडा मिळायचा. पोहे, चहा, विड्या आणि रविवारची दुपार. तिकडे कर्नाळ्याचा सुळका उन्हात चमकत असायचा आणि इकडे फासे खुळखुळायचे. आता त्या जागी उभं राहिलं तर बंदर कुठे होतं हेसुद्धा बोट दाखवून सांगता येत नाही.

त्रेपन्न साली त्या कट्ट्यावर एक प्रकार झाला. शिवा नावाचा गोदामातला तरणा हमाल फार सुरेख खेळायचा. त्याची गाठ पडली गोदामाच्या मुनिमाशी. शिवाची बाजू वर होती, आणि एकाएकी त्यानं एक जोडी फोडून एकटी सोंगटी मुनिमासमोर उघडी टाकली. पुढच्याच दानाला आणखी एक. बाबा ताडकन उठले आणि त्यांनी पटावर हात आडवा ठेवून खेळ थांबवला. सगळ्यांच्या देखत म्हणाले की हा मुद्दाम हरतो आहे. शिवा खाली मान घालून बसला, हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. बाबांनी तिथल्या तिथे नियम केला. मुद्दाम हरेल त्याला तीन वर्षं कट्ट्यावर खेळायला बंदी. आणि तेव्हापासून खेळायच्या आधी प्रत्येकानं पटावर उजवा हात ठेवून बोलायचं, "पडंल तसा खेलीन." म्हणजे जसं दान पडेल तसं खेळेन, घेणार नाही आणि देणारही नाही. शिवाची तीन वर्षं संपली तरी तो काही परत आला नाही. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. त्या वेळी मलाही वाटलं नाही, खरं सांगायचं तर मला बाबांचा अभिमान वाटला होता.

छप्पन साली माझं लग्न झालं. उरणच्या वाटेवर मिठागरांचं एक गाव आहे, तिथले महादेव पाटील माझे सासरे. आम्ही सासऱ्याला मामा म्हणतो. मामा चांगले उंचेपुरे, शब्दाला पक्के आणि मानाला त्याहून पक्के. आमच्या घराण्यात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडवात दोन व्याही सोंगट्या खेळायला बसतात. मुलीच्या बापानं हरायचं, हरता हरता हसायचं, आणि मुलाच्या बापानं मिशीवरून हात फिरवायचा. सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. त्या वर्षी कुणीतरी हौसेनं सोंगट्यांऐवजी बसऱ्याचा पट मांडला. मामांनाही तो चांगला यायचा. आणि इथे माझ्या बाबांनी घोटाळा केला. पट समोर आल्याबरोबर सवयीनं त्यांचा उजवा हात त्याच्यावर गेला आणि ते बोलून बसले, पडंल तसा खेलीन. एकदा बोलल्यावर माघार नाही. अर्ध्या तासात त्यांनी व्याह्यांना भर मांडवात हरवलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. आईनं कपाळाला हात लावला. मामा उठले, हात धुतले आणि वऱ्हाड निघालं.

त्यानंतर दोन गौरी गेल्या, दोन दिवाळ्या गेल्या, मला माहेरी पाठवलं नाही. छळ म्हणाल तर काडीचा नव्हता. खाण्यापिण्याला कमी नाही, कुणाचा वाकडा शब्द नाही. माझा नवरा भगवान स्वभावानं गरीब, बापापुढे त्याचं तोंड उघडत नसे. पनवेलचं नाव निघालं की मामा उठून मिठागराकडे जायचे, एवढंच. मी मात्र आतल्या आत धुमसत होते, सासऱ्यावर कमी आणि बापावर जास्त. इतर पोरींचे बाप पोरीसाठी काय काय करतात, माझ्या बापाला नुसतं हरायचं होतं.

अठ्ठावन्नच्या दिवाळीत मला दिवस राहून चार महिने झाले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आणि माझी तर आईच सुईण. मला दुसऱ्या कुणाचा हात नको होता. गेल्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीतली चंद्रावती बाळंतपणात गेली होती, आणि ते ओरडणं मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. मी रात्रंदिवस घाबरलेली असायचे. शेवटी धीर करून मी स्वतःच मामांपुढे उभी राहिले आणि म्हणाले की मला आयकडं जायचं हाय. मामा म्हणाले, "या पौषात मी पनवेलला खेलायला जानार. तुझ्या बापासला हरवला त तुला तितंच ठेवून येईन. हरलू त नाय." मग तसं त्यांनी चार माणसांतही सांगितलं. निरोप पनवेलला पोचला.

पौषातल्या त्या रविवारी छकड्यात गवत आणि गोधड्या घालून मला सातव्या महिन्यात हळूहळू पनवेलला आणलं. आधीच्या दोन रविवारी बाकीचे खेळाडू गळाले होते आणि शेवटच्या सामन्याला नेमके बाबा आणि मामाच उरले होते. आई मला नंतर सांगायची, त्या दिवशी सकाळी तिनं बाबांपुढे चहाची बशी ठेवली आणि एवढंच म्हणाली की लेकीसाठी हरा. बाबांनी सुईत दोरा ओवायला घेतला, आणि ज्या माणसाचा दोरा डोळे मिटून ओवला जायचा त्याचा नेम तीनदा चुकला.

कट्ट्यावर माणसांची दाटी होती. बायका देवळाच्या पायऱ्यांवर. मला मधल्या पायरीवर जागा दिली, तिथून पट सरळ दिसत होता. गर्दीच्या मागे खांबाला टेकून शिवा उभा होता, सहा वर्षांनी पहिल्यांदा. दोघा व्याह्यांनी पटावर हात ठेवले. मामा खणखणीत बोलले. बाबांचे शब्द मला ऐकू आले नाहीत, नुसते ओठ हलले.

तीन डाव खेळायचे होते. पहिला बाबांनी घेतला, दुसरा मामांनी. तो दुसरा मामांनी खरा घेतला, त्यात खोट नव्हती, मी बघत होते. तिसऱ्यात बाबांची बाजू हळूहळू वर आली. मी पोटावर हात ठेवून देवाला सांगत होते की माझ्या बापाला हरव. लाजायचं कशाला, तेच मागत होते.

मग बाबांना पडले चार आणि दोन. त्यांची एकच सोंगटी एकटी राहिली होती. दोनानं ती पुढे सरकवली की जोडीत बसत होती. आमच्या घरच्या मांजरालाही ते कळलं असतं. बाबांनी पटाकडे पाहिलं, मग पायऱ्यांकडे, माझ्याकडे पाहिलं. आणि दुसरीच एक जोडी फोडून सोंगट्या पुढे ढकलल्या. आता एकाच्या जागी दोन एकट्या, दोन्ही मामांच्या तोंडासमोर.

मला तेच हवं होतं. आणि ते झाल्याबरोबर माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते आनंदाचं नव्हतं. मला असं वाटलं की माझ्यासाठी या माणसानं स्वतःला विकून टाकलं, आणि विकायला लावलं मी. सात वर्षांची असल्यापासून जो माझ्यापुढे झुकला नाही तो माझ्यासाठी झुकला. मला त्यांची दया आली. बापाची दया येणं किती वाईट असतं ते ज्याला आली आहे त्यालाच कळेल.

नियम करणारा माणूस समोर बसलेला, त्याला कोण बोलणार. मामांनी फासे उचलले, हातात खुळखुळवले आणि टाकलेच नाहीत. खाली ठेवले. मग हात पुढे करून त्यांनी बाबांच्या सोंगट्या एकेक करून होत्या त्या जागी नेऊन ठेवल्या.

"व्याही," मामा म्हणाले, "चार-दोन परलंय तुमाला. परत खेला."

बाबा तसेच बसून राहिले. मामा थोडं पुढे वाकले आणि हळू आवाजात बोलले, पण त्या शांततेत शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. "मांडवात तुमी मना हरवलाव, तवा मना वाटला तुमाला माज हाय. दोन वरसां मी तो राग धरला. आज तुमी मना देताव, तवा मना कलला. त्या दिवशी तुमी माजा मान राखला व्हता. असा देऊ नका मना."

बाबांनी दोनानं एकटीला जोडीत नेलं. खेळ पुढे चालला. फासे कुणाचे नातलग नसतात, बाबा जिंकले. मी डोळे मिटून घेतले, कारण बोली काय होती ते सगळ्या गावाला माहीत होतं.

मामा उठले, धोतर झटकलं आणि पायऱ्यांपाशी आले. मला म्हणाले, "गोदू, तू रव हितं. बालाला घेऊन ये, घाई नाय." हरलू त नाय, असं म्हणालेला शब्दाचा पक्का माणूस त्या दिवशी चारचौघांत आपला शब्द मोडून गेला. त्यांना तो मोडायला किती जड गेलं असेल हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि तेव्हा ते हयात नव्हते.

हंडा बाबांनी घेतला नाही. त्यांनी उभं राहून सगळ्यांना सांगितलं की मी पडलं तसं खेळलो नाही, व्याह्यांनी सोंगट्या परत ठेवल्या म्हणून जिंकलो, तेव्हा नियमाप्रमाणे तीन वर्षं मी या कट्ट्यावर बसणार नाही. लोक म्हणाले, अहो पण चूक दुरुस्त झाली की. बाबा म्हणाले की चूक नव्हती. शेवटी तो हंडा मामांनीच उचलला आणि आमच्या ओट्यावर नेऊन ठेवला, सुनेच्या बाळंतपणात पाणी तापवायला. फाल्गुनात आईच्या हातावर माझा मुलगा झाला तेव्हा त्याच हंड्यातल्या पाण्यानं त्याला पहिली आंघोळ घातली.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला म्हणाले, चल, शिवाकडे जाऊन येऊ. मी कशाला, असं मी विचारलं. एकट्यानं जायला पाय उचलत नाहीत, असं ते म्हणाले. असं काही त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

शिवाचं घर तळ्याच्या कडेला. तो अंगणात टोपली विणत होता. त्याची बायको वेणू पाट घेऊन बाहेर आली, बाबा बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले की काल माझं बघितलंस ना. शिवा म्हणाला, बघितलं. विणता विणताच शिवा बोलला, मान वर न करता.

"तुमी मना तीन वरसांची बंदी घातलाव, काका. त्याचा मना कई काय वाटला नाय. पन का हरलास, असा तुमी एकदा पन इचारला नाय."

"आता इचारतू," बाबा म्हणाले.

मग शिवानं सांगितलं. त्याचा बाप तेव्हा गोदामावर राखणदार होता, डोळ्यांनी अधू झालेला. मुनिमानं सामन्याच्या आदल्या दिवशी सहज बोलल्यासारखं म्हटलं होतं की आंधळा राखणदार ठेवून करायचं काय. बस, एवढंच. खेळ थांबवला गेला, मुनीम चारचौघांत खजील झाला, आणि पुढच्याच आठवड्यात म्हाताऱ्याला घरी बसवलं. घरी बसल्यावर तो वर्षभरही जगला नाही. दिवसभर गोदामाच्या दिशेला तोंड करून बसायचा, असं वेणू मध्येच म्हणाली आणि आत निघून गेली.

बाबा आता त्या पाटावर बसले. त्यांच्या तळहाताला सुईचे घट्टे पडलेले होते, ते एकावर एक घासत राहिले. मला वाटलं ते माफी मागतील. त्यांनी मागितली नाही. म्हणाले, "शिवा, मना म्हाईत असता तरी मी खेल थांबवला असता. पन मंग तुज्यासंगती मुनिमाकडं आलू असतू."

शिवानं टोपली खाली ठेवली. त्यानं विचारलं की पट घरीच आहे ना.

तीन वर्षं बाबा कट्ट्यावर गेले नाहीत. पौष असो वा नसो, दर रविवारी शिवा आमच्या ओट्यावर यायचा. मी माहेरपणाला आले की आतून मला फाशांचा आवाज यायचा आणि कधी दोघांच्या भांडणाचा. माझा मुलगा त्या ओट्यावर रांगायला शिकला. खेळायच्या आधी ते दोघं पटावर हात ठेवायचे, बोलायचे मात्र काही नाहीत. त्या तीन वर्षांत त्यांनी एकमेकांना एकदाही जिंकू दिलं नाही.